माह्या वाट्याचा वारा

शीलाताई,

तुला जाऊन महिना होत आला आणि मी अजून तुझ्याशी भांडतेच आहे. कॉलेजच्या लायब्ररीत परत आलेली पुस्तकं रॅकवर लावताना, मेथी निवडताना, सकाळी टायरमध्ये हवा भरताना मनातल्या मनात तोच जुना वाद चालू असतो. फरक एवढाच, की आता तुझी बाजूही मलाच मांडावी लागते. मी ती तुझ्यासारखी हनुवटी वर करून मांडते. आणि खरं सांगते, पूर्वी कधी जिंकली नसशील एवढी तू आता जिंकायला लागली आहेस.

लोक विचारतात, शीलाताई तुमच्या कोण? तू नात्यातली नाहीस, एका नोकरीतली नाहीस. तू दवाखान्याच्या वॉर्डांत नर्स म्हणून आयुष्य काढलंस, मी पुस्तकांच्या खोलीत. मी सांगते, आम्ही सायकल चालवायचो. ते म्हणतात, अच्छा, सोबत चालवायचात. तिथे माझी पंचाईत होते. कारण सोबत आपण जेमतेम एकदाच चालवली, आणि त्यातही भांडण झालं.

आपली पहिली भेट मात्र आठवली की अजून हसू येतं. मी तेव्हा नंदनवनातल्या आमच्या सायकलवाल्यांच्या ग्रुपमध्ये नवीन होते. हार्डवेअरचं दुकान चालवणारे बंडूभाऊ आमचे म्होरके. ते हँडलला स्पीकर बांधून गाणी वाजवत पुढे आणि बाकीचे त्यांच्या मागे. मी सगळ्यांच्या मागे. त्या रविवारी उमरेड रोडवर मी इतकी मागे पडले की आधी गाणी ऐकू येईनाशी झाली, मग माणसंही दिसेनाशी झाली. पाचगावच्या पुढे एका लिंबाखाली धापा टाकत उभी होते. समोरून तू आलीस. पूर्ण बाह्यांचा पांढरा शर्ट, हेल्मेटच्या आत घट्ट बांधलेला दुपट्टा.

"काहून वं, एकटीच काहून उभी आहे?"

"एकटी नाही. माझा ग्रुप आहे."

तू पुढे बघितलंस, मागे बघितलंस. दोन्हीकडे रस्ता रिकामा.

"कुठी आहे?"

मी रिकाम्या रस्त्याकडे बोट केलं. तू पोटभर हसलीस. मग आपली बाटली माझ्या हातात दिलीस आणि म्हणालीस, "मंग तू बी माह्यासारखीच आहे. फक्त तुले माहीत नाही." मला वाटलं, आता ही बाई माझ्यासोबत येईल, मला माझ्या लोकांपर्यंत पोचवेल. तू बाटली परत घेतलीस, "पुढं चहाच्या टपरीवर असतीन तुह्ये लोक, हळू जा, तुह्याच चालीनं," असं सांगितलंस आणि पायडल मारून निघून गेलीस. मला राग आला होता ताई. आणि तू वळून बघतेस का, म्हणून मी तू दिसेनाशी होईपर्यंत उभी होते. तू वळली नाहीस.

नंतर कळलं की तू आमच्याच नंदनवनात, दोन गल्ल्या सोडून, भावाच्या घरी वरच्या खोलीत राहतेस. मी चहाला यायला लागले. तुझी रत्नावहिनी चहा वर आणून द्यायची आणि जाता जाता मला म्हणायची, "जरा समजवा हो यांना. एकट्या पचमढीपर्यंत जातात. घरच्या माणसाचा जीव टांगणीला." मग मी समजवायला लागायचे. कुत्रे, पंक्चर, ट्रक, दारुडे, सगळं काढायचे. तू आरामात बिस्कीट बुडवत म्हणायचीस, "कुत्रे ग्रुपले बी भुकतात. अन् पंक्चर ग्रुपमधी बी एकच जण काढते, बाकी सारे फोटो काढतात."

पण एकदा तू खरं कारण सांगितलंस. "जिंदगीभर कोणी ना कोणी आवाज देऊनच राहिलं वं मले. वॉर्डात सिस्टर, सिस्टर. घरी ताई, ताई. आई आजारी होती तवा तर झोपेत बी आवाज ऐकू येत. सायकलवर बसली की कोणी आवाज देत नाही. तिथं मी कोणाचीच कोणी नसते." एवढं बोलून तू खिडकीबाहेर बघत राहिलीस, जणू जास्तच बोलून गेलीस.

मी तेव्हा माझं कारण सांगितलं नाही. आता सांगते. माझ्याकडे शांतता फार होती ताई. दिवसभर लायब्ररी, तिथे मीच लोकांना गप्प बसवते. नवरा हिंगण्याच्या कंपनीत, शिफ्टवर. तो जागा असतो तेव्हा मी घरात नसते, मी असते तेव्हा तो झोपलेला असतो. आमचं बोलणं डबा भरला का आणि गॅस आला का, एवढ्यावर आटोपतं. मुलगा बंगलोरला. बंडूभाऊंची ती कर्कश गाणी, "अरे मंगलताई कुठी राहिल्या, थांबा रे!" ही आरोळी, हे मला औषधासारखं होतं. तुला कोणी हाक मारायला नको होती, मला कोणीतरी मारायला हवी होती. आपण एकाच रस्त्यावर उलट्या बाजूंनी आलो होतो.

तरी मला तू हवी होतीस. ग्रुपमध्ये नको, माझ्यासोबत हवी होतीस. किती मागे लागले तुझ्या! शेवटी कंटाळून तू हो म्हणालीस, आणि आपण दोघी खिंडसीला गेलो. जाताना मी बोलत होते आणि तू हं, हं करत होतीस. तलावाच्या काठावर बसून आपण संत्री खाल्ली. मला वाटलं, झालं, आता ही माझी सोबतीण झाली. परतताना समोरून वारा सुरू झाला. आणि मी पहिल्यांदा पाहिलं, की तू मागे पडते आहेस. तू! मी पायडलचा वेग कमी करून तुझ्या बरोबर पुढ्यात आले. ग्रुपमध्ये आम्ही तसंच करतो, ज्याच्यात जोर आहे तो पुढे राहून वारा अंगावर घेतो, मागच्याला तेवढाच आराम. तू बाजूला सरकलीस. मी पुन्हा पुढे आले. तू पुन्हा सरकलीस. मनसरच्या अलीकडे तू ब्रेक दाबलास.

"मंगल, बाजूले हो."

"ताई, वारा लय आहे. माह्या मागं राहा ना."

"माह्या वाट्याचा वारा मले खाऊ दे."

"एवढी काय अकड वं ताई!"

"अकड नाही. तुह्या मागं राहिली तर मले रस्ता दिसत नाही, तुह्यी पाठच दिसते."

"मग दिसू दे. माह्यी पाठ काय एवढी खराब आहे?"

तू हसलीस. मी हसले नाही. तिथून नागपूरपर्यंत तू पांढऱ्या पट्टीच्या या बाजूने आणि मी त्या बाजूने, एक शब्द न बोलता आलो. माझ्या गल्लीच्या तोंडाशी तू हात केलास. मी केला नाही. त्यानंतर कितीतरी दिवस मी तुझ्याकडे चहाला आले नाही.

तुझं मागे पडणं ही आजाराची सुरुवात होती, हे आपल्या सगळ्यांना पावसाळा संपता संपता कळलं. तुला त्या दिवशी, त्या वाऱ्यात, कळलं होतं का? नर्सला कळलं असणार. मी तुला कधी विचारलं नाही. तू कधी सांगितलं नाहीस. रिपोर्टही तू स्वतःच वाचलास, आणि जिन्यात मी भेटले तेव्हा "पोटात गाठ आहे, चांगली नाही," असं सांगितलंस, जसं कोणी आज नळाला पाणी नाही म्हणून सांगावं. मी जिन्यातच खाली बसले. तू म्हणालीस, "उठ वं, साडी खराब होते."

ऑपरेशन झालं. मग सलाईनमधून औषधं सुरू झाली. तुझे केस गेले, भूक गेली, आणि तुझ्या खोलीत माणसं आली. माझ्याकडून कळल्यावर आमचा अख्खा ग्रुप आला. कोणी नारळपाणी, कोणी मुगाचं वरण. दवाखान्यात न्यायची पाळी बंडूभाऊंनी आपल्याकडे घेतली. ते दुपारी दुकान भावाच्या हवाली करून येऊन बसायचे आणि रविवारच्या राईडच्या हकिकती सांगायचे. तू डोळे मिटून ऐकायचीस. एक दिवस सगळे गेल्यावर माझा हात धरून म्हणालीस, "हे लोक जाऊन येतात अन् मले सांगतात कोणाची चेन पडली, कोण मागं राहिलं, कोणं किती पोहे खाल्ले. पाच जण जातात अन् पाच जणाईचंच सांगतात. रस्त्याचं कोणीच सांगत नाही. तू जा वं मंगल. एकटी जा, अन् मले येऊन सांगजो."

"मी? एकटी?"

"तुले कोण खाते?"

तुझ्यासाठी म्हणून गेले. पहिल्यांदा जीव मुठीत धरून उमरेड रोडवर सायकल हाणत सुटले. मागून येणारा प्रत्येक ट्रक माझ्याचसाठी येतो आहे असं वाटत होतं. परत आले तेव्हा तू उशीला टेकून तयारच बसली होतीस.

"कपाशी फुटली का?"

"बघितली नाही ताई."

"वारा कोणीकडून होता?"

"माहीत नाही."

"मंग तू गेली कुठी होती?"

त्यानंतर मी बघायला शिकले. तुला सांगायचं म्हणून शिकले. कापसाच्या गाड्या गेल्या की रस्त्याकडेच्या बाभळींच्या काट्यांना कापूस लटकून राहतो, ते मी सांगितलं. उमरेडच्या जवळ कोळशाच्या गाड्यांमुळे पानं वरून काळी आणि खालून हिरवी असतात, ते सांगितलं. भिवापूरला मिरचीचे ढीग वाळत घातलेले होते, मी शिंकत शिंकत सायकल चालवली आणि रस्त्यावरच्या बाया हसल्या, हे सांगितलं तेव्हा तू इतकी हसलीस की वहिनी धावत वर आली. तुला वास हवा असायचा, चढावर माझा श्वास कसा झाला ते हवं असायचं. तू डोळे मिटायचीस आणि तुझे पाय चादरीखाली हलकेच हलायचे. मी ते बघितलंय, पण कधी बोलले नाही.

आणि उमरेडच्या गल्लीचं. ते तर तुला पुन्हा एकदा सांगावंसं वाटतं. माझे वडील उमरेडचे विणकर. मी लहान असतानाच माग बंद झाला आणि आम्ही नागपूरला आलो. ग्रुपसोबत त्या वळणावरून मी कितीदा गेले असेन. पण ग्रुपमध्ये एक थांबला तर सगळ्यांना थांबावं लागतं, म्हणून कधी थांबले नाही. त्या दिवशी मी एकटी होते. उतरले. सायकल हातात धरून गल्लीत शिरले. आमच्या घराच्या जागी दुमजली घर उभं होतं. पलीकडच्या ओसरीत एक बाई गहू निवडत बसली होती. माझ्या तोंडाकडे बघत म्हणाली, "तुम्ही नाकावरून तर इथल्याच वाटता." वडिलांसोबत विणणाऱ्या काकांची ती सून निघाली. तिने पाणी दिलं. आमचा माग जिथे होता ती भिंत दाखवली. मी तिथे उभी राहून रडले, आणि माझी वाट बघत कोणी ताटकळत नव्हतं, म्हणून मनासारखं रडले.

हे ऐकून तू चादर पायांवर नीट ओढून घेतलीस. मग म्हणालीस, "आता समजलं तुले?"

मी म्हणाले, "समजलं."

पण ताई, माझं वाक्य तिथे संपलं नव्हतं. मला पुढे म्हणायचं होतं, की मी एकटी गेलेच कुठे? कापूस बघताना, मिरची बघताना, त्या भिंतीपाशी रडतानासुद्धा हे ताईला कसं सांगायचं, याचीच जुळवाजुळव मनात चालू होती. तू घरी वाट बघत होतीस म्हणून मी एकटी जाऊ शकत होते. मग हे एकटं जाणं कसं? हा माझा हुकमाचा पत्ता होता. तो मी राखून ठेवला. तू जरा बरी होशील, अंगात भांडायचा जोर येईल, तेव्हा टाकीन म्हटलं. थकलेल्या माणसाला काय हरवायचं! तो पत्ता माझ्याकडेच राहिला.

आणि तुझाही एक माझ्याकडे आहे. डिसेंबरातल्या एका दुपारी बंडूभाऊ खुर्चीत बसल्या बसल्या तोंड उघडं टाकून झोपले होते. तू मला जवळ बोलावलंस आणि कानात म्हणालीस, "हा बसला असला की दुखणं कमी वाटते. त्याले सांगू नको, डोक्यावर चढून बसंन." मी सांगितलं नाही.

जानेवारीत, उन्हं कोवळी असताना, तू गेलीस. तुझा भाऊ उशाशी, वहिनीच्या हातात तुझा हात, पायाशी मी, दारात बंडूभाऊ. जन्मभर एकटीने लांब लांब जाणारी तू इतक्या माणसांच्या मधोमध गेलीस. तुझ्या चेहऱ्यावर त्याचा त्रास दिसला नाही. दुपारी पांढरे कपडे घातलेली माणसं गल्लीत मावत नव्हती. त्रिशरण-पंचशील म्हणताना मी मधेच शब्द चुकले, शेजारी वहिनीने माझ्या वाट्याचंही म्हटलं.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी जेवणं झाल्यावर बंडूभाऊंनी विषय काढला. ताईच्या नावाने राईड करू, फोटो छापलेले टी-शर्ट करू, पुढे स्पीकरवर बुद्धवंदना लावू. मी पटकन म्हणाले, "ताईला हे असलं अजिबात आवडलं नसतं." माझा आवाज चढला होता. भाऊंचा चेहरा पडला. तेव्हा रत्नावहिनी पानं उचलता उचलता थांबली आणि म्हणाली, "आवडलं नसतं हे खरं आहे. अन् बंडूभाऊंची गाडी फाटकात वाजली की ताई उशी नीट करून बसायच्या, हे बी खरं आहे."

वहिनी पुन्हा पानं उचलायला लागली. मग बंडूभाऊच म्हणाले, "मंग असं करू. सिल्लेवानीच्या घाटात जाऊ, पचमढीच्या रस्त्यावरच्या ताईच्या घाटात. पण एकेक. कोणी कोणासंगं नाही. स्पीकर बी नाही."

"तुम्ही एकटे जाल, भाऊ?" मी विचारलं. उगाच नाही विचारलं. भाऊ दुधाला जातानाही कोणाला तरी सोबत घेतात.

"ताई जात होती ना," ते म्हणाले.

परवा आम्ही गेलो. आदल्या दिवशी टेम्पोत सायकली टाकून सौंसरला मुक्काम केला, सकाळी तिथून एकेक जण निघाला, पुढचा दिसेनासा झाला की मागचा. मी पहिली होते. रामाकोनाच्या पुढे शेतं संपून सागाचं रान लागलं. साग निष्पर्ण झालाय ताई, आणि पळस पेटायला लागलाय. काही झाडांवर नुसत्या काळ्या कळ्या आहेत, मखमलीसारख्या, आणि एखाद्याच फांदीने घाई केली आहे. हे सगळं मी तुला सांगत सांगतच चढत होते. मग चढ तीव्र झाला. मांड्या भरून आल्या, श्वास छातीत मावेना, आणि केव्हातरी माझं सांगणं थांबलं. तूही नव्हतीस, मीही नव्हते. चाकाखालचा खडा वाजत होता, कुठेतरी पोपट ओरडत होते, बस. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. भानावर आले तेव्हा माथा आला होता, आणि मला कळलं, की तू ज्याच्यासाठी एवढ्या लांब यायचीस ते हेच. माझा हुकमाचा पत्ता तिथे कामाचा नव्हता. हे तुला सांगायला मी सायकल टाकून वळले, आणि मग कठड्यावर बसून राहिले.

एकेक जण यायला लागला. मान खाली, घामाने थबथबलेला. नेहमी घाट चढल्यावर आमच्यात जो गलका होतो तो झाला नाही. येणारा सायकल टेकवायचा आणि कठड्यावर बसायचा. आम्ही सरकून जागा करायचो. सगळ्यांत शेवटी बंडूभाऊ आले. डोळे लाल झालेले. बसले, पाणी प्यायले, तोंडावर मारलं.

"कसं वाटलं भाऊ?" कोणीतरी विचारलं.

"लय लांब आहे वं रस्ता, एकट्याले," माझ्याकडे बघून ते म्हणाले. जरा वेळाने म्हणाले, "पण चांगला आहे."

तेव्हा मी त्यांना तुझं ते कानातलं बोलणं सांगितलं. तू नको म्हणाली होतीस तरी सांगितलं. भाऊंनी हेल्मेट काढून मांडीवर घेतलं आणि त्याचा पट्टा उगाच घट्ट-सैल करत राहिले.

टेम्पोवाल्याने हॉर्न दिला. ऊन चढायला लागलं होतं, सायकली चढवायच्या होत्या, परतायचं होतं. सगळे आले होते, मागे कोणी राहिलं नव्हतं. पण कठड्यावरून कोणी उठेना. जिथून रस्ता सागातून बाहेर येतो, त्या खालच्या वळणाकडे आम्ही सगळेच बघत बसलो होतो.